खालच्याला धक्का बसला का?

परवा नेरूळच्या एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय काय, तर 'समाधानी करिअरसाठी लागणारे गुण'. आता मी आधी जन्मभर क्रेन चालवली आणि मग क्रेन चालवायला शिकवली. भाषणं देणाऱ्यातला मी नव्हे. पण कॉलेजच्या बाई फोनवर गोड बोलल्या, म्हणाल्या, सर, फक्त अनुभव सांगा. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि थोड्या वेळातच माझी गाडी अडकली. एका मुलीनं विचारलं, पॅशन महत्त्वाची की शिस्त? मी म्हटलं, आधी शिडी चढता येते का ते सांग. सगळे हसले. मला वाटलं, निभावलं. पण ती मुलगी काही हसली नाही, उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यायचं तर वनिता ठाकूरची सगळी हकिगत सांगावी लागली असती, आणि आभार मानणारे गृहस्थ कागद हातात घेऊन माझ्या मागे उभेच होते. म्हणून ती इथं लिहितोय.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. न्हावा शेव्याच्या धक्क्याला जहाज लागलं की त्यातले डबे उतरवून यार्डात थप्प्या लावतात. डबा म्हणजे कंटेनर. यार्डात त्याला कंटेनर फक्त साहेब लोक म्हणतात. या थप्प्यांवर जी क्रेन काम करते, ती माझी. चार पायांचं एक लोखंडी टेबल डोळ्यांपुढे आणा, पाच-सहा मजली इमारतीएवढं उंच, पायांना रबरी चाकं. पायांच्या मध्ये डब्यांच्या थप्प्या आणि एका कडेला ट्रेलर उभा राहण्यापुरती गल्ली. वर टेबलाखाली काचेची एक खोली टांगलेली असते, ती पुढेमागे सरकते. तिच्यात ऑपरेटर बसतो, पायाखालच्या काचेतून खाली बघतो, दोरांना लटकणाऱ्या चौकटीनं डब्याचे चार कोपरे पकडतो आणि डबा उचलून ट्रेलरवर ठेवतो. ट्रेलरचा ड्रायव्हर तेवढा वेळ खाली आपल्या केबिनमध्ये बसून असतो. डबा बसला की तो गिअर टाकून निघतो आणि मागचा येतो. दिवसभर हेच.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी वर नेलं की मी काही शिकवायचो नाही, नुसता बसवून ठेवायचो. समोर खाडी, पलीकडे घारापुरीचा डोंगर, खाली रंगीबेरंगी डब्यांची गावंच्या गावं, आणि धक्क्याला लागलेलं जहाज एवढं, की एक टोक बघून दुसरं बघायला मान फिरवावी लागते. इतकी वर्षं गेली, तरी पहिल्या पाळीला वर गेलो की मी आधी चारी बाजूंना डोळे भरून बघून घ्यायचो. एवढं सगळं आपल्या दोन बोटांतल्या दांडीनं हलतं, हे मला कधी अंगवळणी पडलंच नाही. ज्याला वर जाऊन काहीच वाटायचं नाही, त्याच्यावर मी जरा जास्त लक्ष ठेवायचो.

गुणांबद्दल विचाराल तर माझे अंदाज पुष्कळदा चुकले. एक पोरगा आला होता, मोबाइलवरच्या गेममध्ये तरबेज. हात असा चालायचा की बघत राहावं. महिन्याभरात कंटाळला. म्हणाला, मास्तर, इथं लेव्हल बदलतच नाही. गेला, आणि आता कुठंतरी झकास चाललंय त्याचं. दुसरे एक बसचे जुने ड्रायव्हर होते. नजर पक्की, डोकं थंड. पण माणूस बोलका, आणि वर त्या काचेत बोलायला कोण? वॉकीटॉकीवर ते सगळ्यांना जेवलात का विचारायचे. शेवटी स्वतःच म्हणाले, मला खाली सोडा बुवा. त्यांना सोडलं. दोघंही नालायक नव्हते, त्यांची जागा दुसरीकडे होती एवढंच.

पण या कामातली खरी गोम म्हणजे झोका. डबा दोरांना टांगलेला असतो. तुम्ही खोली पुढे नेली आणि थांबवली, की तुम्ही थांबता, डबा थांबत नाही. तो पुढे झुलतो, मग मागे येतो. नवा माणूस काय करतो? डबा पुढे गेला की घाबरून दांडी मागे ओढतो. झाली पंचाईत, झोका दुप्पट. खरा उपाय उलटा आहे. डबा जिकडे चाललाय तिकडेच त्याच्या मागोमाग थोडं जायचं आणि बरोबर त्याच्या डोक्यावर जाऊन थांबायचं. मग तो लटकल्या जागी गप्प राहतो. याला आम्ही झोका पकडणं म्हणतो. सांगायला सोपं आहे, पण हाताला उपजत वाटतं त्याच्या नेमकं विरुद्ध करायचं असतं, म्हणून महिनोन्‌महिने लागतात.

वनिता उरणकडच्या एका आगरी गावातली. आजोबांची शेती आणि मिठागर बंदराच्या जागेत गेलं, त्या बदल्यात बापाला बंदरात काम मिळालं, तो निवृत्त झाला. ती स्वतः ठेक्यावर गेटवर बसून आत येणाऱ्या ट्रेलरच्या नोंदी घ्यायची. वय पस्तिशीचं, नवरा शाळेची व्हॅन चालवणारा, एक मुलगी. ठेकेदार कंपनीनं बायकांना क्रेन शिकवायचं ठरवलं तेव्हा तिनं नाव दिलं. अट अशी होती, की गेटची जागा सोडून यायचं आणि चाचणीच्या दोन संधी मिळणार. दोन्ही हुकल्या तर घरी बसायचं, कारण गेटवर तोवर दुसरं कोणी बसलेलं असणार. सासूनं अबोला धरला. नवरा म्हणाला, बघ बाई, तुझं तू. वनितानं गेट सोडलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

मला वाटलं, खाडीकाठची आहे, हिला झोका शिकवायला काय वेळ लागणार! पहिल्याच दिवशी ऐटीत म्हटलं, होडी हेलकावते ना, तसं समज. तर म्हणाली, "मास्तर, आमी आगरी. होडी कोल्यांची. मी मोरा बंदराच्या लाँचीत बसली तरी मना उलटी होतं." माझा सगळा धडाच बुडाला. आणि झोका तिला खरंच जमेना. बाकीची पोरं पकडायला लागली, ही आपली डबा पुढे गेला की मागे ओढतेय. मी वॉकीटॉकीवर ओरडायचो. माझं ओरडणं यार्डात प्रसिद्ध होतं. पोरं बिथरायची, नाहीतर मनातून शिव्या घालायची. ही खाली उतरून थेट माझ्यापुढे यायची आणि विचारायची, माजं नक्की कुठं चुकलं? रोज. जेवायच्या सुट्टीत. डबा उघडून बसलेल्या माणसाला. मी वैतागून म्हटलं, अगं, घास तर गिळू दे. तर शेजारी बसून घास गिळायची वाट बघत राहिली.

पहिली चाचणी गेली. परीक्षक सावंतसाहेब बाहेरून यायचे, मोजून बोलणारा माणूस. डबे कुठं आपटले नाहीत, पण झोका शांत व्हायची वाट बघण्यात तिचा सगळा वेळ गेला. साहेब म्हणाले, सुरक्षित आहे, पण या वेगानं ट्रेलरची रांग कळंबोलीपर्यंत जाईल. आता एकच संधी उरली होती. मला तिच्यापेक्षा तिच्या मुलीचा चेहरा आठवायला लागला. ती एकदा आईला न्यायला गेटवर आलेली, आणि ती बघ आईची क्रेन, म्हणून मैत्रिणीला बोट दाखवत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांची गोष्ट. पाळी संपवून मी गेटकडे निघालो होतो. बघतो तर वनिता बाहेर पडणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत एका केबिनच्या खिडकीशी उभी राहून ड्रायव्हरशी बोलतेय. ड्रायव्हर म्हणजे गायकवाडमामा. मूळचे हिंगोलीकडचे, कळंबोलीत राहून जन्म गेला, केस पांढरे. माझं डोकं सटकलं. चाचणी तोंडावर आलीय आणि बाई गप्पा मारतायत. जवळ जाऊन म्हटलं, काय चाललंय? ती म्हणाली, "वरून मना कलत नाय, मास्तर. डबा ठेवला तरी वरती आवाज येत नाय. खालच्याला धक्का बसला का, ता खालच्यालाच ठावं. म्हनून इचारतंय."

खरं होतं ते. डबा ट्रेलरवर आदळला तर ऑपरेटरला वर काही जाणवत नाही, तो धक्का ड्रायव्हरच्या कण्यात जातो. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. पण वरून उतरून खालच्या माणसाला विचारायला गेलेला ऑपरेटर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. वरच्यांची आणि खालच्यांची जातच वेगळी असल्यासारखं आम्ही वागतो. ते हॉर्न मारतात, आम्ही वरून शिव्या देतो, संपला संबंध. आणि ही बाई, जिची नोकरी टांगणीला लागलेली, ती एकेका खिडकीशी जाऊन विचारत होती.

ड्रायव्हर सुरुवातीला हसले. एकानं गंमत म्हणून, पाठ मोडली ओ ताई, औषधाला पैसे द्या, असं लावलं. हिनं दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात वेदनाशामक बाम ठेवला. मग हसणं थांबलं आणि खुणा ठरल्या. डबा हलका बसला तर ड्रायव्हर खिडकीतून पंजा पसरून दाखवणार, धक्का बसला तर मूठ. पायाखालच्या काचेतून तिला ते दिसायचं. पहिले काही दिवस नुसत्या मुठी. पण आता तिला आपण केलेल्या कामाचा निकाल तिथल्या तिथं कळत होता, आणि त्यावरून हात बदलत होता. मी ओरडून जे शिकवू शकलो नव्हतो ते त्या मुठींनी शिकवलं. एक दिवस मी खाली उभा असताना डबा पुढे झुलला, आणि तिची खोली त्याच्यामागे अशी अलगद गेली, जशी आई चालायला लागलेल्या पोरामागे जाते. डबा जागच्या जागी गप्प झाला. खालून पंजा बाहेर आला. मी माझ्या नकळत टोपी काढली.

गायकवाडमामांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. ट्रेलरवर डबा हलू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार लॉक असतात. क्रेनखाली यायच्या आधी ड्रायव्हरनं ती उघडायची. एखादं अडकलेलं राहिलं आणि ऑपरेटरनं डबा जोरात उचलला, तर डब्याबरोबर ट्रेलरही वर जातो, आत ड्रायव्हर असतानाच. मग तो कुठं, कसा पडेल ते सांगता येत नाही. मामा म्हणाले, तू डब्याकडं बघू नको लेकी, टायरकडं बघ. लॉक अडकलं तर आधी टायर सुटतं. तेव्हापासून ती प्रत्येक डबा हातभर उचलून क्षणभर थांबायची, मग पुढे न्यायची. नियमही तसाच आहे, पण घाईत पाळतं कोण? बरोबरच्या पोरांनी तिला समजावलं की निदान चाचणीच्या दिवशी तरी थांबू नको, तू आधीच वेळेत मार खाल्लायस. ती म्हणाली, "आज नाय थांबली, तं उद्या कशी थांबन?"

नम्र म्हणाल, तर तसं नाही. भांडायला एक नंबर. बायकांना वर चढायच्या आधी पाणी कमी प्यावं लागतं, कारण मध्ये उतरायला कोणी सोडत नाही, यावरून तिनं सुपरवायझरला असं धारेवर धरलं की दुसऱ्या दिवसापासून बदलीचा माणूस वेळेवर यायला लागला. जिद्द म्हणावी तर जिद्दी लोक मी ढिगानं पाहिलेत, आणि त्यातले निम्मे स्वतःखेरीज कोणाचं ऐकत नाहीत. हिच्यात जे होतं त्याला काय नाव द्यावं, मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या चाचणीचा दिवस उजाडला. लख्ख ऊन, वारा बेताचा. सावंतसाहेब वर, काचेच्या खोलीत तिच्या मागे उभे. मी खाली गल्लीच्या कडेला, पिवळ्या रेषेच्या बाहेर. खालून खुणा करायला मनाई, मलाही वॉकीटॉकीवर चकार शब्द काढायची परवानगी नाही. ट्रेलर गायकवाडमामांचा. काम सुरू झालं. झोका ती पहिल्याच खेपेला पकडत होती, त्यात वाचलेला वेळ ती प्रत्येक डब्यापाशी थांबण्यात घालवत होती. मी मनात हिशेब करत होतो, जमतंय, काठावर का होईना, जमतंय.

मग तिनं मामांच्या ट्रेलरवरचा डबा उचलला, हातभर, आणि थांबली. थांबली ती थांबलीच. मला कळेना. मी वाकून पाहिलं. ट्रेलरच्या शेपटाचं माझ्याकडचं टायर जमिनीपासून वीतभर वर होतं. तीन कोपरे सुटलेले, एक अडकलेला. पुढे केबिनमध्ये मामा निवांत बसलेले, त्यांना पत्ताच नाही. आता इथं घाबरून दांडी झटकली तर सगळा भार एकदम सुटणार. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो आणि तिचा हात दचकला तर? वर बघितलं तर दोर हलत नाहीयेत असंच वाटत होतं. पण टायर खाली येत होतं. इतकं हळू, की मी श्वास रोखून फक्त ते टायर बघत राहिलो. ते जमिनीला लागलं, चेपलं, भार बसला. मग तिनं भोंगा वाजवला.

सावंतसाहेब शिडी उतरून आले. मामांच्या खिडकीशी गेले. मामांनी बाहेर डोकं काढून विचारलं, "काहून थांबलं साहेब? चहा हाय का?"

साहेब म्हणाले, तुमचा ट्रेलर हवेत होता. मामा आधी हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. उतरून मागे गेले, लॉकची मूठ फिरवून पाहिली. मूठ फिरत होती, पण आतला खिळा गंजून मोडला होता, तो फिरतच नव्हता. त्यांनी लॉक उघडलं होतं, उघडलं नव्हतं ते लोखंडानं. मामा पायरीवर बसले. मग हातोडा आणून ठोकठोक करून तो खिळा आम्ही फिरवला.

चाचणीत काही वेडंवाकडं घडलं की चाचणी तिथंच संपली, माणूस नापास, असा दंडक होता. आणि ही तिची शेवटची संधी. साहेबांनी वाकून ते टायर पाहिलं. मग वॉकीटॉकीवर तिला विचारलं, तुम्हाला कसं समजलं? वरून आवाज आला, "टायर आनि सावलीच्या मधी फट दिसली, साहेब." ही नजर कुठून आली, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "गायकवाडमामांनी सांगलं होतं." मामा तिथंच उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं आणि पाठ फिरवली.

साहेब मला म्हणाले, "ट्रेलर नादुरुस्त होता, तो दुरुस्त झाला. ऑपरेटरकडून काही घडलेलं नाही. चाचणी पुढे चालू." आणि म्हणाले, ड्रायव्हर जरा हादरलेत, तुम्ही बसा यांच्या शेजारी.

ती पास झाली, हे सांगायला नको. आता नव्या क्रेनला काचेची खोलीच नसते. ऑपरेटर लांब एसीत पडद्यापुढे बसून डबे हलवतात. वनिताही तिथंच बसते, नव्या मुलींना शिकवते. मला ते काही रुचत नाही, पण मला विचारतो कोण. एवढं खरं, की सुट्टीत ती अजून गेटवर जाऊन ट्रेलरच्या खिडक्यांशी उभी राहते, आणि सोबत तिच्या शिकाऊ पोरींना नेते.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मी मामांच्या शेजारी चढलो. शेवटचा डबा आमच्याच ट्रेलरवर ठेवायचा होता. इतकी वर्षं मी वरून डबे ठेवले, ठेवायला शिकवले, पण डबा ठेवला जाताना खाली कधी बसलो नव्हतो. डोक्यावर एवढं लोखंड येतंय म्हटल्यावर जीव मुठीत येतो हो. मी मान आखडली, सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि डोळे मिटून धक्क्याची वाट बघत बसलो. बसलो, बसलो. तेवढ्यात मामांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

मी घाईघाईनं म्हटलं, "मामा, थांबा! डबा यायचाय अजून."

"आलाय की मास्तर," मामा म्हणाले. "आरशात बघा."